गोधडीच्या धंद्याचं उद्दिष्ट आधी तासांत लिहिलं

वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं, ‘यंदा दहा लाखांची विक्री’. त्यावरून सोमवारी सकाळी नेमकं काय हाती घ्यायचं ते कळत नव्हतं. हाताने शिवलेल्या गोधड्यांच्या कामात कापड मिळतं, गिऱ्हाईकही मिळतं; कमी पडतात ते हाताचे तास. म्हणून मी उद्दिष्ट आधी तासांत मांडलं, मग नगांत, आणि रुपये सगळ्यात शेवटी. त्याची रीत आणि आकडे इथे देते. दर आमच्याकडचे आहेत, तुम्ही तुमच्या गावचे घाला.

पहिलं काम मोजणीचं. आमचा मुख्य माल बाळाची गोधडी, ३६ बाय ४५ इंच. वरचं आणि खालचं कापड नवं सुती, आत जुन्या सुती लुगड्याचे दोन थर. गोधडी कडेने सुरू करून आत आत शिवत आणा किंवा सरळ ओळींनी शिवा, धावदोऱ्याची एकूण लांबी क्षेत्रफळ भागिले ओळींतलं अंतर इतकीच येते. ३६ गुणिले ४५ म्हणजे १६२० चौरस इंच. ओळींत अर्धा इंच ठेवला तर ३२४० इंच, म्हणजे साधारण ८२ मीटर शिवण. पाऊण इंच ठेवला तर २१६० इंच, म्हणजे ५५ मीटर. सराव असलेला हात चार थरांतून तासाला साडेआठ मीटरच्या आसपास जातो. म्हणजे दाट टाक्याला साडेनऊ तासांच्या वर आणि पाऊण इंचाला जेमतेम साडेसहा. हा तीन तासांचा फरक कळेपर्यंत आम्ही दोन्ही गोधड्या एकाच भावात देत होतो. तासाला ७० रुपये मजुरी धरली तर दाट टाक्याची गोधडी सव्वादोनशे रुपयांनी महाग पडते. आता तिचं पान वेगळं आणि किंमतही वेगळी.

वेळ मोजताना एका नगावर थांबू नका. वेगवेगळ्या हातांच्या निदान सहा गोधड्या मोजा आणि सरासरी घ्या. घड्याळ लावलं की पहिल्या दिवशी सगळ्याच भराभर शिवतात, तो दिवस सोडून द्या.

पाऊण इंची गोधडीला शिवण साडेसहा तास, काठ आणि चार कोपऱ्यांच्या फुल्या मिळून एक तास, असे साडेसात तास शिवणारीचे. बेतणं, थर अंथरणं, कच्चा टाका घालणं, धुणं आणि तपासणी मिळून दीड तास माझा. एकूण नऊ. नवं कापड अडीच मीटर ११० रुपयांनी २७५, आतलं लुगडं ४०, दोरा ३०, काठाची पट्टी २५, धुलाई आणि बांधणी ३०. हे झाले ४००. मजुरी ६३०. खोलीचं भाडं, वीज, फोन, ने-आण, लेबल यांचा महिन्याचा खर्च ४८०० आणि नग ४०, म्हणून नगामागे १२०. बेरीज ११५०. गोधडी ११०० ला विकली तर नगामागे ५० रुपये तोटा, आणि तरीही वहीत ‘विक्री दुप्पट’ असं उद्दिष्ट लिहिता येतं. किंमत ठरल्याशिवाय विक्रीचा आकडा लिहू नये, हे मी ठामपणे सांगेन. आम्ही थेट विक्रीचा भाव १९०० ठेवला. दुकानदार ३५ टक्के ठेवून घेतो, तेव्हा हातात १२३५ येतात. म्हणजे दुकानातल्या नगामागे फक्त ८५ रुपये उरतात आणि थेट नगामागे ७५०.

आता तास. शिवणाऱ्या चौघी, रोज चार तास, महिन्याला २२ दिवस, म्हणजे ३५२ तास. सण, आजारपण आणि उसवून परत शिवणं यांसाठी १५ टक्के वजा केले की ३०० धरता येतात. भागिले साडेसात, म्हणजे ४० गोधड्या. निम्म्या थेट, निम्म्या दुकानात: ३८,००० अधिक २४,७००, मिळून महिन्याला ६२,७००. वर्षाला साडेसात लाख. चाळीसच्या चाळीस गोधड्या थेट विकल्या तरी नऊ लाख बारा हजारच होतात. ‘दहा लाख’ या चार जोड्या हातांत बसतच नव्हते. महिनोन्‌महिने आपण कमी पडतोय असं वाटत राहतं, आणि चुकलेलं असतं ते गणित.

त्यात वर्षाचे बाराही महिने सारखे नसतात. आमच्या भागात आषाढात भाताची लावणी चालते, जून-जुलैत बायका निम्मेच तास देऊ शकतात. ते दोन महिने २० नगांचे धरले. दहा महिने चाळीस आणि दोन महिने वीस, एकूण ४४० नग, सहा लाख नव्वद हजारांच्या आसपास विक्री. वहीत पेनने लिहिला तो हा ४४०. दहा लाख ओलांडायचे तर सहा जणी हव्यात: दहा महिने साठ, दोन महिने तीस, मिळून ६६० नग. नव्या हाताचा टाका एकसारखा यायला दोन महिने जातात. तेव्हा ‘दहा लाख’ हे पुढच्या वर्षाचं झालं आणि यंदाच्या पानावर त्याचा पहिला तुकडा आला: ‘३१ मेपर्यंत दोन नवे हात तयार.’ यावरून कोणत्या दिवशी काय करायचं ते कळतं.

तारखा मी उलट्या मांडते, शेवटाकडून सुरुवातीकडे. दुकानदाराला दिवाळीचा माल नवरात्राच्या आधी लागतो, म्हणून १५ सप्टेंबरला तो बांधून तयार हवा. म्हणजे शिवण पावसात. पावसात कापड वाळत नाही, आणि न धुतलेलं कापड बेतता येत नाही. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण तीन ते पाच टक्के आटतं, आतलं लुगडं मात्र कधीच आटून बसलेलं असतं. तसंच शिवलं तर गिऱ्हाइकाच्या घरी पहिल्याच धुण्यात वरचा थर ओढला जातो, कडा पिळवटतात आणि कोपऱ्यांतल्या फुल्या वाकड्या बसतात. म्हणून जून ते सप्टेंबरच्या १२० नगांचं कापड, ३०० मीटर, मेच्या उन्हात रात्रभर भिजवून, धुऊन, वाळवून, घड्या करून ठेवायचं. दिवाळीच्या उद्दिष्टाची पहिली ओळ मे महिन्यात येते, आणि तिच्यासमोर रक्कम येते ३३,०००.

ही रक्कम न लिहिल्यामुळे कितीतरी चांगली उद्दिष्टं अडतात. मजुरी नग जमा झाला की लगेच द्यायची, दुकानदार पैसे देणार दोन महिन्यांनी. महिन्याला २४,७०० प्रमाणे ४९,४०० सतत बाहेर अडकलेले. त्यात कापडाचे ३३,००० मिळवा. म्हणजे ८० हजारांच्या वर खेळतं भांडवल नसेल तर मागणी असूनही काम थांबतं. ‘दुकानांकडे थकलेले ५०,००० च्या वर जाऊ द्यायचे नाहीत’ हेही आमच्याकडे उद्दिष्ट म्हणूनच लिहिलेलं आहे. आकडा वर गेला की त्या दुकानाचा पुढचा माल थांबतो.

वही साधी, लांब, दोनशे पानी. डाव्या पानावर ठरवलेलं, उजव्या पानावर झालेलं, आणि उजवीकडेच एक रकाना ‘का’ म्हणून. उद्दिष्ट पेनने, ते गाठायचे मार्ग पेन्सिलने. मार्ग खोडून बदलता येतात. उद्दिष्ट बदलायचं झालं तर खोडायचं नाही. आडवी रेघ मारून शेजारी तारीख आणि कारण लिहायचं. दर सोमवारी वीस मिनिटं आणि तीनच आकडे: पूर्ण झालेले नग, हातात आलेले पैसे, नगामागे गेलेले तास. ऑर्डरी मी मोजत नाही, त्यांनी उगाच हुरूप येतो. आधी अकरा आकडे लिहायचे, ते तिसऱ्या आठवड्यात बंद पडले.

‘का’चा रकाना सगळ्यात जास्त कामाला येतो. तिथे ‘काम कमी झालं’ असं लिहून भागत नाही. ‘गडद लाल कापडाचा रंग गेला, तीन गोधड्या उसवल्या, १४ तास’ असं लिहिलं की पुढच्या तिमाहीचं उद्दिष्ट आपोआप समोर येतं: तपासल्याशिवाय कापड बेतायचं नाही. तपासणी सोपी आहे. चार इंची पट्टी भिजवायची, पांढऱ्या फडक्यात गुंडाळायची, वरून गरम इस्त्री दाबायची. फडक्यावर डाग उतरला तर ते कापड बाद. लाल, मरून आणि निळीच्या रंगांना ही तपासणी हवीच. आतल्या लुगड्याचा एक धागा जाळून बघायचा. सुती धागा कागदासारखा वास देत मऊ राख होतो, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. पॉलिएस्टरच्या थरातून सुई अडखळत जाते, नगामागे तास वाढतो, आणि बाळाच्या अंगाखाली ते गरम होतं.

प्रदर्शनांचं पान वेगळं ठेवावं. भीमथडी जत्रेला किंवा बचत गटांच्या महालक्ष्मी सरसला हाताच्या कामाची कदर असलेला माणूस येतो, जावंसं वाटणारच. पण कुठलाही गाळा घेण्याआधी भाडं, प्रवास आणि राहणं यांची बेरीज ७५० ने भागायची. खर्च २१,००० असेल तर २८ वी गोधडी विकेपर्यंत आपण फक्त खर्च भरून काढत असतो. महिन्यात थेट विक्रीला २० च नग असतील तर त्या महिन्यात हा गाळा घेता येत नाही, किंवा दोन महिने आधीपासून नग बाजूला टाकावे लागतात.

कागदपत्रांना एक दुपार पुरते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर फुकट होते, तिचे पैसे मागणाऱ्यांना देऊ नका. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. राज्याबाहेर किंवा ऑनलाइन बाजारातून विकायचं असेल तर नियम वेगळे आहेत, ते आधी सीएला विचारून घ्या.

वहीच्या शेवटच्या पानावर ‘नाही म्हणायचं’ अशी यादी आहे. तिच्यात पहिली येते डबलबेडची वाकळ, ९० बाय १०० इंच. मागणी सतत असते आणि नाही म्हणताना जीव तुटतो, कारण शिवणाऱ्या मावशींनाही मोठीच वाकळ आवडते. पण ९००० चौरस इंच म्हणजे पाऊण इंचाने ३०५ मीटर धावदोरा, काठासकट साडेसदतीस तास, पाच बाळगोधड्यांचे. माझे तीन तास धरून मजुरी २८३५, कापड-दोरा साधारण २०००, वरखर्च ६००, आणि त्या पाच गोधड्यांतून थेट विक्रीत उरले असते ते ३७५०. पेन्सिलने समोर लिहिलं आहे: ९२०० च्या खाली घ्यायची नाही, आणि जून-जुलैत कुठल्याच भावाला नाही.