करमळीची पाणपक्षी गणना : यंदा पाण्याचीही नोंद

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. यंदा आमच्या गटाने गोव्यातली करमळीचे तळे, चोडणची खाजने (बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या जमिनी) आणि कुडचड्याची नंदा तळी वाटून घेतली. तेच तळे, त्याच जागा, तीच सकाळची वेळ. नवीन पक्षी टिपायच्या आशेने येणारे मित्र यात जरा हिरमुसतात. दुर्मिळ पाहुण्याचा फोटो गाजतो हे खरे, पण नियोजनाला कामी येतात ते रोजच्या पक्ष्यांचे आकडे.

थापट्या या बदकाचेच बघा. २०२३ च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे, आणि ज्यांची संख्या मोठ्या प्रमाणात घटली त्यांत थापट्या आणि नीलपंख, दोघेही आहेत. हे कळले ते हजारो लोकांनी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेल्या साध्या याद्यांमुळे. म्हणून नवख्यांना एकच विनंती : यादी पूर्ण द्या, कावळाही सोडू नका, आणि संख्येच्या जागी नुसती फुली मारू नका. अंदाज चालेल, फुली नाही.

मोजणीत सगळ्यात घाम काढतात त्या अडया, म्हणजे शिट्या घालणारी बदके. करमळीला थवा शांत बसला असताना दहाचा एक ठोकळा नजरेत पक्का करायचा आणि तोच पुढे सरकवत न्यायचा. मग मध्येच एखादा भोवत्या (शिकारी पक्षी) तळ्यावरून तरंगत येतो, सगळा थवा शिट्या घालत उठतो, दोन चकरा मारतो आणि पलीकडच्या काठाला उतरतो. पलीकडे आपला दुसरा गडी बसलेला असेल तर तीच बदके दोनदा मोजली जातात. यावर आम्ही ठरवले आहे : थवा उठला की दोघांनी फोनवर वेळ जुळवायची आणि उठण्याआधीचाच आकडा धरायचा. जांभळ्या पाणकोंबड्या निदान अशी पळापळ करत नाहीत, पण गवतात निम्म्या लपून बसतात, ते वेगळेच.

यंदाची नवी भर म्हणजे पाण्याची पातळी. बांधाजवळच्या खांबावर रंगाच्या खुणा केल्या आणि मोजणीआधी त्या वाचून लिहिल्या. काहींना हे पक्षीनिरीक्षण वाटलेच नाही. पण पाणी उतरून चिखल उघडा पडला की शेकाटे, तुतवार असे चिखलात चरणारे पक्षी वाढतात, आणि पाणी भरलेले असले की बदके. पातळी न लिहिता 'शेकाटे कमी झाले' म्हणणे म्हणजे नुसता तर्क.

नंदा तळी २०२२ मध्ये गोव्याचे पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली. तिथे दारे बंद करून पाणी साठवतात आणि खालच्या भातशेतीला देतात. म्हणजे पक्ष्यांचे वेळापत्रक ठरते ते शेतकऱ्याच्या हातून. 'पक्ष्यांसाठी पाणी ठेवा' असे मोघम सांगून कोणी ऐकणार नाही, आणि का ऐकावे? कोणत्या आठवड्यात किती पातळीला कोणते पक्षी होते, हे कागदावर दाखवले तर पाणी सोडायच्या तारखांवर बोलता तरी येईल. तेच तक्ते पंचायतीच्या जैवविविधता समितीला द्यायचे, म्हणजे ते 'लोक जैवविविधता नोंदवही'त, गावच्या जीवसृष्टीच्या दप्तरात, जातील.

पुढच्या हंगामात चोडणच्या मानशींजवळही (बांधातल्या पाण्याच्या दारांजवळ) अशाच खुणा करायच्या आहेत. तिथे भरती-ओहोटीमुळे पातळी तासागणिक बदलते, म्हणून मोजणीची वेळ ओहोटी बघूनच ठरवावी लागेल. बोटीच्या वेळा माहीत असलेला आणि पहाटे उठणारा कोणी असेल तर कळवा.