तुम्ही विचारलंत म्हणून : मे महिन्यात नाशकात करायचं काय?

शाळेच्या परीक्षा संपल्या की हा प्रश्न येतोच. सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या सुना विचारतात, मुंबईहून पोरांना घेऊन येणारी नणंद विचारते, बँकेतल्या जुन्या मैत्रिणी फोन करून विचारतात : "अगं, पावसाळ्यात ठीक आहे, पण मे महिन्यात नाशकात मुलांना न्यायचं कुठे?" विचारण्यातच अर्धं उत्तर असतं. इथे काही नाही, आता तूच एखादं थंड हवेचं ठिकाण सुचव, म्हणजे आम्ही हॉटेल बघायला मोकळे.

मी सुचवत नाही. आमच्या घरची उन्हाळ्याची मजा बहुतेक दहा-पंधरा किलोमीटरच्या आतली असते. त्यातून तुम्हाला काही उचलता आलं तर उचला.

ठिकाणांच्या आधी वेळ सांगते, कारण उन्हाळ्यात सगळा खेळ वेळेचा आहे. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी साडेपाचच्या पुढे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे. दुपारी पारा चाळिशीला टेकला तरी ऊन कललं की पश्चिमेकडून वारा सुटतो आणि पहाटे गच्चीवर झोपलेल्या माणसाला चादर ओढून घ्यावीशी वाटते. पाहुणे नेमके सकाळी दहाला आवरून निघतात, एकला घामाघूम होऊन परततात आणि "नाशिक आता पहिल्यासारखं राहिलं नाही" म्हणतात. सिमेंट वाढलंय, झाडं गेलीत, ते खरंच आहे. पण भर दुपारी बाहेर पडायला पहिल्या नाशकातही कोणी सांगत नव्हतं.

दुसरं म्हणजे, पावसाळ्याचं नाशिक उन्हाळ्यात शोधायला जाऊ नका. सोमेश्वरच्या धबधब्यावर मे महिन्यात बरेचदा काळा खडक आणि एखादी बारीक धार असते. फोटोतलं ते दुधासारखं पाणी ऑगस्टचं. उन्हाळ्याचं म्हणून जे खास आहे, ते घ्यायचं.

त्याची सुरुवात खरं तर मार्चमध्येच होते, रंगपंचमीला. जुन्या नाशकात आणि पंचवटीत पेशवेकाळापासूनच्या रहाडी आहेत, म्हणजे जमिनीतले दगडी हौद. वर्षभर लाकडी ओंडके आणि माती टाकून त्या बुजवलेल्या असतात, वरून रहदारी चालू असते. नवख्या माणसाला पत्ताही लागत नाही की आपण रहाडीवरून स्कूटर नेतोय. रंगपंचमीच्या आधी त्या उघडतात, साफ करतात, पूजा होते आणि रंगाचं पाणी भरतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. मग त्यात उडी, म्हणजे धप्पा. दिल्ली दरवाजा, तिवंधा, शनी चौक, जिथे जमेल तिथे जा. आमच्या भाच्याने पहिल्यांदा मारलेल्या धप्प्याचा रंग कानामागे आठवडाभर होता. लहान मुलांना मात्र उतरवू नका. हौद खोल असतो आणि गर्दी अंगावर येते. काठावर उभं राहिलात तरी कोरडे राहणार नाही आहात.

मे महिन्यातली माझी आवडती सकाळ पांडवलेण्यांची. मुंबई रस्त्यावर, शहराला चिकटून. वीस-पंचवीस मिनिटांची पायऱ्यांची चढण, ती कोवळ्या उन्हात उरकायची आणि लेण्यांच्या सावलीत बसायचं. आतला दगड गार असतो. एकूण 24 लेणी आहेत. मुलं तिसऱ्या-चौथ्या लेण्यानंतर कंटाळतात हे गृहीत धरा. म्हणून मी त्यांना थेट दहाव्या लेण्यात नेते, कारण तिथे भिंतीवर बँकेचा व्यवहार कोरलेला आहे.

चेष्टा नाही. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा हा लेख, सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा. लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, राहणाऱ्या भिक्षूंसाठी त्याने 3000 कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवले. एका श्रेणीकडे 2000, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे 1000, दरमहा पाऊण टक्क्याने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, हेही स्पष्ट लिहिलंय. दोन हजारांच्या व्याजातून 20 भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी 12 कार्षापण. आता हिशेब करून बघा : दोन हजारांचे महिन्याला 20, वर्षाचे 240, आणि 20 गुणिले 12 तेवढेच. मी आयुष्यभर मुदत ठेवींच्या पावत्या फाडल्या, त्यामुळे असेल, पण ताळा जुळला की मला त्या भिंतीपुढे फार आपलं माणूस भेटल्यासारखं वाटतं. पोरांना मी तोंडी गणित घालते. ज्याचं उत्तर आधी येईल त्याला खाली उतरल्यावर मोठा ग्लास रस.

लेण्यांच्या पायथ्याशीच दादासाहेब फाळके स्मारक आहे. फाळके आपल्या त्र्यंबकचे, 1870 चा जन्म. तिथल्या बागेत मुलं मोकळी सोडता येतात, पण उन्हं चढायच्या आत.

थोडी मोठी, पायात बळ असलेली मुलं असतील तर रामशेज. पेठ रस्त्याने आशेवाडीला जायचं, गाडी गावात लावायची आणि उजाडता उजाडता चढायला सुरुवात करायची. किल्ला बुटका आहे, तासाभरात आरामात वर. 1682 साली औरंगजेबाच्या फौजेने त्याला वेढा घातला आणि हा एवढासा किल्ला पुढे काही वर्षं हटला नाही. किल्लेदाराने लाकडाच्या तोफा करून त्यावर कातडं चढवलं ही गोष्ट वरच्या कड्यावर बसून सांगायची. खाली घरी सांगून तिला मजा नाही. माणशी दोन लीटर पाणी, टोप्या, आणि नऊच्या ठोक्याला उतरायला लागायचं. या नियमावर आमच्याकडे वाद घालायला परवानगी नाही.

या दोन्ही सकाळींचा शेवट मिसळीने होतो. कोणत्या मिसळीने, ते सांगणार नाही. नाशकात त्यावरून नाती बिघडतात. एवढंच म्हणते, की आता मिसळ खाणं हीच सहल झाली आहे : मळ्यातली बाकडी, झाडाला झोके, पापड, दही आणि वर जिलबी. मला स्वतःला शहरातल्या जुन्या, चार टेबलांच्या ठिकाणची झणझणीत मिसळ आवडते, पण मुलांना झोका हवा असतो. रविवारी नऊनंतर गेलात तर तासभर नंबर लागत नाही.

दुपार घरात, म्हटलं ना. पण घरात म्हणजे मोबाइलवर नव्हे. आमच्या सासूबाई होत्या तोवर मे महिन्यात कुरडया घरीच व्हायच्या आणि मी तो नेम ठेवलाय. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून सत्त्व खाली बसू द्यायचं. पहाटे उठून उकळत्या मिठाच्या पाण्यात ते सोडायचं आणि गुठळी होऊ न देता हाटत राहायचं. हात भरून येतात. पण कुरडयांसाठी कोण उठतं? सगळी पोरं उठतात ती गरम चिकासाठी. वाटीत चीक, त्यावर कच्चं तेल नाहीतर दूध-साखर, ज्याची जशी आवड. आमच्या नणंदेचा धाकटा, जो मुंबईत नऊशिवाय डोळे उघडत नाही, तो इथे पाचला वाटी घेऊन ओट्याजवळ उभा असतो. "मामी, साच्यात घालायच्या आधी माझं काढून ठेव." नंतर सोऱ्यातून कुरडया पाडायच्या आणि कावळे हाकलायला आळीपाळीने गच्चीवर बसायचं. ज्याच्या पाळीत कावळ्याने कुरडई पळवली, त्याची त्या दिवशीची कुल्फी कापली जाते. हा कायदा मुलांनीच केलाय.

वाचणारं मूल असेल तर दुपारी सार्वजनिक वाचनालय. 1840 सालची संस्था आहे, इंग्रजी राजवटीत सुरू झालेली, अजून चालू. आमच्या मोठीने तिथल्या कपाटांपुढे बसून कितीतरी सुट्ट्या काढल्या.

साधारण चारच्या सुमाराला रस्त्यावर घुंगरू ऐकू येतात. रसवंती. चरक आता विजेवर चालतो, पण घुंगरू कुणी काढलेले नाहीत. उसात आल्याचा तुकडा आणि लिंबू घालून पिळायला सांगा, आणि बर्फाची शंका असेल तर बिनबर्फाचा घ्या. ताजा पिळलेला रस तसाही गोडच लागतो. ग्लास हातात आला की लगेच प्यायचा, बोलत बसायचं नाही. काळा पडतो.

आणि करवंदं. त्र्यंबक रस्त्याने जाताना, नाहीतर शहरात बाजारापाशी, हरसूल-पेठकडच्या आदिवासी बाया पानांचे द्रोण मांडून बसलेल्या दिसतात. करवंदं, पुढे जांभळं, आळू, मध्येच कुठे तोरणं, सगळा रानमेवा. त्या पहाटे जंगलात काट्यांत हात घालून ती तोडतात आणि मिळेल त्या गाडीने येतात. तिथे दोन रुपयांसाठी घासाघीस करणारी माणसं बघितली की मला त्यांच्या गाडीचा नंबर लिहून घ्यावासा वाटतो. द्रोण घ्यायचा, करवंदाचे दोन भाग करायचे, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी, आधी ओळखायचं. या खेळाला किंमत नाही, वय नाही. हात आणि ओठ मात्र चिकाने चिकट होतात, खोबरेल लावलं की जातं. पांढरा शर्ट घालून बसू नका.

संध्याकाळी गोदाघाट. सिंहस्थ 2027 मध्ये असल्यामुळे घाटावर आणि रस्त्यांवर कामं चालू असतात, तेव्हा गाडी लांब लावा किंवा सिटीलिंकच्या बसने निमाणीला उतरून पायी जा. (बसच्या पहिल्या बाकावर बसायला मिळणं ही लहान मुलांच्या दृष्टीने निम्मी सहल असते.) उन्हाळ्यात नदी उतरलेली असते, म्हणून दुतोंड्या मारुतीच्या पायाशी जाऊन उभं राहता येतं. पावसाळ्यात सगळं नाशिक या मारुतीवर पूर मोजतं : पाणी गुडघ्याला आलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. 2016 च्या आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये तो अख्खा बुडाला होता. मुलांना त्याच्या शेजारी उभं करून वर बघायला सांगा. पाणी कुठवर होतं ते आकड्यांनी कळत नाही, मान वर केली की कळतं. समोर नारोशंकराचं देऊळ, त्यावरची ती मोठी घंटा. वसईच्या विजयानंतर पोर्तुगिजांकडून आलेली, असं सांगतात.

मे महिनाभर घाटावरच, यशवंतराव महाराज पटांगणावर, वसंत व्याख्यानमाला असते. तिकीट नाही, वर उघडं आकाश, नदीवरचा वारा. विषय रोज वेगळा; कधी वक्ता रंगतो, कधी नाही. रंगला नाही तर भेळ खायला उठता येतं. मुलं पहिल्या दिवशी कुरकुरतात. तिसऱ्या दिवशी कुणीतरी शेतीवर किंवा साप-विंचवांवर बोलत असतं आणि तीच पोरं पुढे जाऊन बसतात.

पाण्याबद्दल एक गोष्ट कडक शब्दांत सांगते, कारण दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रात तीच बातमी असते. गंगापूर धरणाचं पाणी, कालवे, सोमेश्वरच्या खडकातले डोह, यांत पोहायला उतरू नका. वरून शांत दिसतं, खाली कपार असते, गाळ असतो, आणि धरणातून पाणी सोडलं की कालव्याला ओढ येते. गंगापूर धरणाच्या काठी सूर्यास्त बघा, बोट क्लबवर जा, पण पोहायचं असेल तर महापालिकेचे तरण तलाव आहेत. त्र्यंबक रस्त्यावरच्या सावरकर तरण तलावावर माझ्या मुलीला पोहायला शिकवलं, आणि ते तिला अजून येतं.

एखादा दिवस लांब जायचंच असेल तर सिन्नर. गोंदेश्वराचं यादवकालीन देऊळ, मधलं मोठं आणि चार कोपऱ्यांना चार छोटी. सकाळी सातला तिथे बरेचदा तुम्ही आणि पोपट एवढेच असता.

हे सगळं जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंतच. पहिला जोराचा पाऊस झाला की करवंदं संपतात, गच्चीवरच्या गाद्या खाली येतात, आणि मुंबई-पुण्याच्या गाड्या पहिन्याच्या धबधब्यांच्या रस्त्यावर ओळीने उभ्या राहायला लागतात. मग नणंदेचा परत फोन येतो : "वहिनी, आता तर छान झालं असेल ना, कुठे जाताय?" आम्ही शनिवार-रविवारी कुठेही जात नाही. कुरडया तळतो.