कोपऱ्यावरचा पेपरवाला

१८ जुलै २००८, शुक्रवार, जर्सी सिटी

रात्रीचे दोन वाजलेत आणि झोपेचं नाव नाही. बॅटमनचा नवा सिनेमा पाहून आलो. चांगला होता, त्यावर उद्या लिहीन. आत्ता डोळ्यांसमोर आहे तो त्याच्या आधी दाखवलेला, 'वॉचमेन' या कॉमिक पुस्तकावरून येणाऱ्या सिनेमाचा ट्रेलर. मंगळाच्या वाळूतून वर येणारा काचेचा महाल, खिडकी फोडून खाली कोसळणारा 'कॉमेडियन' नावाचा मुखवटेवाला, निळा महामानव डॉक्टर मॅनहॅटन. अंगावर काटा आला. पुस्तकाचा चित्रकार डेव्ह गिबन्सनं कागदावर काढलेलं समोर हलत होतं. पुढच्या रांगेतली दोन पोरं एकमेकांना विचारत होती, हे नक्की आहे काय? त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगावंसं वाटलं की बाबांनो, सिनेमा यायच्या आधी पुस्तक वाचा.

मी ते २००१ च्या हिवाळ्यात वाचलं. इथे येऊन महिनाही झाला नव्हता. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात हरवलेल्या माणसांचे फोटो न्यूयॉर्क शहरात भिंतींवर अजून चिकटलेले होते. मॅनहॅटनमधल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात हे जाडजूड पुस्तक हाती लागलं. १९८६-८७ मध्ये बारा अंकांत आलेली गोष्ट एकत्र बांधलेली. तोवर कॉमिक म्हणजे माझ्यासाठी इंद्रजालमधला वेताळ. हे काही वेगळंच होतं. पहाटे शेवटचं पान संपलं, आणि मी पुन्हा पहिलं पान उघडलं. त्या पहिल्याच पानावर हातात फलक घेतलेला एक कळकट माणूस रक्ताच्या थारोळ्यातून चालत जातो. तो कोण हे पाचव्या प्रकरणात कळतं. म्हणजे पहिल्यांदा वाचताना तो डोळ्यांसमोर असून दिसलेलाच नसतो. मागे जाऊन पाहिलं, तर जवळपास प्रत्येक प्रकरणात तो आहेच.

माझी पहिली धास्ती हीच. पुस्तकात बोट अडकवून मागे जाता येतं. थिएटरात नाही येत. मंगळावर बसलेल्या डॉक्टर मॅनहॅटनला काल, आज आणि उद्या एकाच वेळी दिसतात. ते प्रकरण वाचताना वाचकालाही तसंच दिसतं, कारण पानावरच्या नऊ चौकटी एकदम नजरेत येतात. नववी चौकट डोळ्याच्या कोपऱ्यात असतानाच आपण पहिली वाचत असतो. हे पडद्यावर कसं आणणार?

९ नोव्हेंबर २००८, रविवार

अण्णांशी तासभर बोललो. कराडच्या एसटी स्टँडवरचा आमचा स्टॉल बंद करून तीन वर्षं झाली, तरी ते अजून पहाटे चारला उठतात. गठ्ठे सोडणं, पुरवण्या घालणं, परतीचे अंक मोजणं, सगळं हातांना पाठ आहे, पण हातांना काम नाही. आज त्यांना 'वॉचमेन'ची गोष्ट सांगितली. मुखवटेवाले, अणुयुद्ध, जगाला वाचवायला अर्धं न्यूयॉर्क मारणारा तो हुशार माणूस. ते "हं, हं" करत ऐकत होते.

मग मी बर्नार्डबद्दल सांगितलं. न्यूयॉर्कमधल्या एका कोपऱ्यावर पेपर विकणारा म्हातारा. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलतो, मथळे वाचून युद्धाचं भाकीत करतो. त्याच्या स्टॉलशेजारी विजेवरच्या गाड्या चार्ज करायच्या खांबाला टेकून एक पोरगा बसलेला असतो, समुद्री चाच्यांचं कॉमिक फुकट वाचत. म्हातारा त्याच्यावर खेकसतो, पण उठवत नाही. युद्धाची बातमी येते त्या दिवशी ते कॉमिक त्याला तसंच देऊन टाकतो, वर आपली टोपीही देतो. आणि तो फलकवाला? तोही रोज याच स्टॉलवर येऊन आपला ठरलेला पेपर घेतो.

अण्णा एकदम बोलायला लागले. "कोण काय घेतो यावरनं माणूस कळतो बघ. चेहरे मी विसरलो, पण कोणाचा कुठला पेपर ते नाही विसरलो."

"मी पण तसाच बसायचो ना अण्णा, तुमच्या बाकड्याखाली?"

"बसायचास की. अंक चुरगाळायचास. परत पाठवताना मला बोलणी बसायची."

हे मला आज पहिल्यांदा कळलं. तीस वर्षांत कधी बोलले नव्हते.

फोन ठेवायच्या आधी म्हणाले, "त्या सिनेमात पेपरवाल्याचं काम कोण करतंय?" मला सांगता आलं नाही. व्हँकुव्हरजवळ उभारलेल्या सेटचे फोटो मी पाहिलेत. त्यात रस्ता आहे, पाट्या आहेत, पुस्तकातलं गंगा डायनर हे हॉटेल आहे. पण रस्ता बांधला म्हणजे तिथे कॅमेरा थांबेलच असं नाही.

२५ डिसेंबर २००८, गुरुवार

काल कोर्टाने निकाल दिला की या सिनेमाचा हक्क फॉक्स स्टुडिओकडे आहे. सिनेमा केलाय वॉर्नर या दुसऱ्या स्टुडिओने. मार्चमध्ये लागतो की नाही, देव जाणे. बावीस वर्षं हेच चाललंय. १९८६ मध्ये फॉक्सने हक्क घेतले, मग एकाकडून दुसऱ्याकडे. दिग्दर्शक टेरी गिलियमने प्रयत्न केला आणि म्हणाला, हे दोन-अडीच तासांत बसणार नाही, पाच तासांची मालिका करा. ॲरोनॉफ्स्की आला, गेला. ग्रीनग्रास आला, गेला. आता झॅक स्नायडरने खरोखर करून दाखवला, तर हे.

पण आज सुट्टीच्या दिवशी मनात सलतंय ते कोर्ट नाही, ॲलन मूर. ज्याने हे लिहिलं त्याने सिनेमावरून आपलं नाव काढायला लावलं आणि आपला वाटा गिबन्सला दिला. करारात असं होतं की पुस्तक छापणं बंद झालं की हक्क लेखक-चित्रकारांकडे परत येतील. पुस्तक इतकं खपलं की छापणं कधी बंदच झालं नाही. लोकांना ते आवडलं, म्हणूनच ते त्याच्या हातून कायमचं गेलं. त्या आवडणाऱ्या लोकांत मी आहे. माझी प्रत जुनी होती, पण नंतर मित्रांना भेट द्यायला तीन नव्या घेतल्या.

त्याला नको असलेला सिनेमा मी पाहावा का? खूप विचार केला. जाणार आहे. ही चित्रं गिबन्सचीही आहेत, आणि त्याला सिनेमा हवाय. पण मूरचं म्हणणं चुकीचं आहे असं मी कोणापुढे म्हणणार नाही.

१६ जानेवारी २००९, शुक्रवार

दोन्ही कंपन्यांचा समेट झाला. ६ मार्च नक्की.

५ मार्च २००९, गुरुवार

उद्या संध्याकाळी सातचा खेळ. ऑफिसमधले चौघं येणार आहेत, त्यातल्या दोघांनी पुस्तक वाचलंय. शेवट बदलल्याची कुजबुज खरी असावी. पुस्तकात न्यूयॉर्कवर त्या हुशार माणसाने घडवलेला तो अवाढव्य, आठ पायांच्या प्राण्यासारखा राक्षस येऊन पडतो, ते काढलंय म्हणे. दुपारी यावरून जोरात वाद झाला. एकजण म्हणाला, राक्षस नाही तर 'वॉचमेन' नाही. मला त्या राक्षसाचं इतकं नाही. कोणत्या कारणाने लोक मेले यापेक्षा कोण मेले हे सिनेमाने दाखवावं, एवढंच मागणं आहे.

अकराव्या प्रकरणाचं शेवटचं पान आत्ता पुन्हा काढलंय. इतके दिवस शेजारी बसून त्या म्हाताऱ्याला आणि पोराला नुकतंच कळलंय की दोघांचं नाव एकच, बर्नार्ड. आणि पांढरा झोत येतो. म्हातारा पोराला कवटाळतो. चौकट चौकट करत दोघं विरघळत जातात, आणि मग कागद कोरा. पुढचं प्रकरण उघडलं की नऊ चौकटींची जाळी गायब. सहा पानं, प्रत्येक पानावर एकच चित्र. प्रेतं, रक्त, त्याच कोपऱ्याचा रस्ता. अकरा प्रकरणं आपण त्या कोपऱ्यावर उभे असतो, म्हणून ती सहा पानं सोसवत नाहीत. २००१ मध्ये ती पाहून मी पुस्तक मिटलं होतं आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो होतो.

७ मार्च २००९, शनिवार

पाहिला. दोन तास बेचाळीस मिनिटं.

सुरुवातीची नामावली अप्रतिम. चाळीसच्या दशकापासूनचा या मुखवटेवाल्यांचा सगळा इतिहास जवळजवळ थिजलेल्या चित्रांतून, बॉब डिलनच्या गाण्यावर. पुस्तक ज्याने मनापासून वाचलंय तोच असं करू शकतो. जॅकी अर्ल हेलीचा रोरशाक, म्हणजे तोच फलकवाला, पाहताना आवाजसुद्धा मी वाचताना ऐकला होता तोच वाटला. मंगळावरचा भाग, ज्याची मला सर्वांत जास्त भीती होती, तो जमलाय. फिलिप ग्लासच्या संगीतावर काळ पुढे-मागे झुलत राहतो आणि पाहणाराही त्यात झुलतो. तेवढ्या वेळात मी बोट अडकवलेलं पुस्तक विसरलो, हे मनापासून कबूल.

मारामाऱ्या मात्र खटकल्या. पुस्तकात हे लोक ढेरी सुटलेले, दमलेले आहेत. मारामारी दोन-चार चौकटींत उरकते आणि मागे ओशाळलेपण उरतं. इथे हाडं मोडतात तीही संथ गतीने, जणू त्यात काही सौंदर्य आहे.

राक्षस नाही. त्याऐवजी खापर डॉक्टर मॅनहॅटनच्या माथी. तर्काला धरून आहे, मला चाललं. पण शहर जातं ते किती स्वच्छ! प्रकाश, धूळ, मोठा खड्डा. एकही प्रेत नाही. ती सहा पानं नाहीतच. आणि कोपरा जवळजवळ गेलाच. चाच्यांचं कॉमिक नाही, गिऱ्हाइकं नाहीत, टोपी नाही. झोत येतो तेव्हा क्षणभर एक म्हातारा आणि एक पोरगा एकमेकांना घट्ट धरलेले दिसतात. मी दचकलो. ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी ती दोन अनोळखी माणसं होती. बाहेर आल्यावर ऑफिसमधल्या एकीला विचारलं, तिला ते दोघं आठवतही नव्हते.

परतताना जर्नल स्क्वेअरला उतरलो. स्टेशनातला पेपरवाला गाळा बंद करत होता. शनिवारचा अंक आला नव्हता अजून. मी उगाच थोडा वेळ उभा राहिलो.

चाच्यांची गोष्ट या महिन्याच्या २४ तारखेला वेगळ्या डीव्हीडीवर येते आहे. घेईन. पण ती त्या पोराच्या मांडीवर असायला हवी होती.

८ मार्च २००९, रविवार

अण्णांना फोन केला. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी विचारलं.

"होता का पेपरवाला?"

"होता. पण अगदी क्षणभर, अण्णा. त्याला बोलायलाच काही दिलं नाही."

"आणि ते पोरगं?"

"शेवटी दिसतं, त्याच्याबरोबर. म्हाताऱ्यानं त्याला जवळ घेतलेलं असतं."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "ते पुस्तक पाठव मला. इंग्रजी येत नाही, पण चित्रं तर बघता येतील."

माझी २००१ ची प्रत काढून ठेवली आहे. उद्या पोस्टात टाकतो. बर्नार्डची पानं कुठली ते कळावं म्हणून बारीक चिठ्ठ्या घालत बसलो होतो. सत्तावीस झाल्या, अजून तीन प्रकरणं राहिली आहेत.