मुंबई दर्शन, मामांच्या पाटीप्रमाणे

मामा येष्टीत कंडक्टर होते, रिटायर होऊन आता बरीच वर्षं झाली, पण तिकीट हातात आलं की अजून ते उभं दुमडून घड्याळाच्या पट्ट्यात खोचतात. दिवाळीनंतर बार्शीहून आले आणि म्हणाले, यंदा मुंबई बघायचीच. आता मी डोंबिवलीकर, रोज सीएसएमटीला उतरतो, पण मुंबई बघायची म्हणजे काय हे मला पाहुणे आल्याशिवाय कळत नाही. सोमवारी घारापुरी बंद, बुधवारी भायखळ्याची राणीबाग बंद, हे असलं गणित तर पाहुण्यांमुळेच पाठ झालंय. शेवटी शनिवार-रविवार ठरला, म्हणजे गर्दी आलीच.

गेटवेवर मी जरा भाव खाऊन गाइडगिरी सुरू केली. हे पंचम जॉर्ज राजाच्या स्वागतासाठी बांधलं वगैरे. मामांनी विचारलं, राजा कधी आला? 1911. आणि हे कधी झालं? 1924. मग राजा आला तेव्हा इथं काय होतं? आता खरं सांगायचं तर पुठ्ठ्याचं मॉडेल होतं. मामा कमानीकडे वर बघत बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "म्हंजे गाडी गेल्यावर स्टँड बांधला." आणि 1948 ला शेवटची इंग्रज पलटण याच कमानीतून बाहेर गेली म्हटल्यावर तर खूशच झाले, चला, एक फेरी तरी लागली म्हणे.

तिथून घारापुरीला जायला लाँचला तास लागला. वरच्या डेकवर बसायचे पैसे वेगळे, यावर मामांचं तिकीटवाल्याशी थोडं झालं, ते सोडून देऊ. पुढे जेट्टीवरची झुकझुक गाडी, मग त्या 120 पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि माकडं. एका माकडाने आमची काकडी नेली, मीठ लावून ठेवलेली.

पण आत लेण्यात गेलो आणि मामा एकदम गप्प झाले. बाहेरच्या उन्हातून आत गेलं की आधी काहीच दिसत नाही, नुसते खांब, मग हळूहळू समोरच्या अंधारातून ते तीन चेहरे वर येतात, वीसेक फूट उंच, आणि मधला डोळे मिटून बसलेला. लोक सेल्फी काढतायत, पोरं आवाज घुमतो का बघायला ओरडतायत, आणि त्याला काही फरकच पडत नाही. मामांनी चपला काढल्या. काढायची गरज नव्हती, पण मी पण काढल्या.

बाहेर आल्यावर पहिला प्रश्न: "हत्ती कुठाय रं?"

कुठला हत्ती?

"एलिफंटा म्हणतात न्हवं? मग हत्ती?"

तर हत्ती होता. दगडाचा, भलामोठा, बेटावर. तो बघूनच पोर्तुगीजांनी हे नाव ठेवलं. 1864 ला इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना पडला, तुकडे झाले, ते तुकडे राणीबागेत आणून टाकले आणि पुढे 1914 ला जोडून तिथेच उभा केला. हे सगळं सांगितल्यावर मामांनी खिशातून छोटी डायरी काढून "हत्ती - राणीबाग" असं लिहिलं, तपासायला निघालेल्या साहेबासारखं.

दुसऱ्या दिवशी काळा घोडा. तिथे घोडा आहे, काळाच आहे, पण त्यावर कोणी बसलेलं नाही आणि तो 2017 चा. मूळ घोडा, त्यावरच्या सातव्या एडवर्डसकट, 1965 मध्येच हलवला. कुठे? राणीबागेत. मामांनी डायरी काढली. चर्चगेटचं तर मी स्वतःच सांगून टाकलं, गेट किल्ल्याच्या तटबंदीचं होतं, 1860 च्या दशकात तटबंदी पाडली तेव्हा तेही गेलं, आता फक्त स्टेशन. हँगिंग गार्डनला मामांनी झाडांच्या वर, खाली, सगळीकडे बघितलं, लटकलेलं काहीच नाही, उलट बाग पाण्याच्या मोठ्या टाकीवर बसवलेली. समोरच्या बागेत बुटाच्या आकाराचं घर आहे, म्हातारीचा बूट, त्यात म्हातारी आहे का हे त्यांनी विचारलं नाही, पण वाकून बघितलं, मी पाहिलं. तिथून खाली मरीन ड्राइव्हची ती वळलेली कड दिसते ना, ती मात्र त्यांना फुकट दिलेल्या तिकिटासारखी वाटली, हलायलाच तयार नाहीत.

"आमच्या गाडीवर पाटी पंढरपूरची आन गाडी चालली लातूरला असं झालं असतं तर पब्लिकनं आमाला खाली वडलं असतं," टॅक्सीत बसल्यावर म्हणाले. टॅक्सीवाल्याला मात्र हे फार पटलं.

मग अर्थातच राणीबाग. तिथेही बोर्डावर वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आणि राणी म्हणजे विक्टोरिया, पण त्यावर मामा काही बोलले नाहीत, नाव बदलून जिजाऊंचं झालं हे त्यांना रीतसर वाटलं असावं. म्युझियमच्या बाजूला तो हत्ती उभा आहे. नीट बघितलं तर सांधे दिसतात, कुठे कड जुळत नाही, अंग झिजलेलं, आणि लोक त्याच्याकडे पाठ करून पुढे पेंग्विनकडे पळत असतात. मामांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, हत्तीभोवती अर्धी फेरी मारली. मग डायरीत बरोबरची खूण केली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "घारापुरीचा पॅसेंजर. भायखळ्याला उतरवलाय."

पेंग्विनची लाईन पाऊण तास होती, लहान पोरांनी भरलेली. आत काचेपलीकडे पाटीवर लिहिल्याप्रमाणे खरोखरच पेंग्विन होते. मामांनी दोनदा मोजले.