मूठ सोडली, तरी बीपी वरच

बर्मिंगहॅममध्ये ‘निरोगी स्वयंसेवक हवेत’ अशा चिठ्ठ्या विद्यापीठाच्या फलकांवर कायम लागलेल्या असतात. अशाच एका प्रयोगाला परवा जाऊन आले.

एका हातात दाबायची मूठ, दुसऱ्या हाताच्या बोटाला सतत रक्तदाब मोजणारं यंत्र. पूर्ण ताकदीच्या 30 टक्के जोर लावून दोन मिनिटं दाबून धरायचं. ऐकायला किरकोळ, पण शेवटी शेवटी हात नुसता पेटतो. खरी मजा पुढे. मूठ सोडायच्या क्षणभर आधी दंडाचा पट्टा करकचून फुगवतात, म्हणजे हातातलं रक्त हातातच अडकतं. मग हात सैल सोडला. पडद्यावर नाडी भराभर खाली आली. बीपी मात्र जागचं हलेना. पट्ट्यातली हवा काढली तेव्हा कुठे उतरलं.

ही युक्ती आलम आणि स्मर्क या संशोधकांची, 1937 सालची. रक्त अडलं की श्रमातून तयार झालेली रसायनं स्नायूतच साचतात. तिथले बारीक चेतातंतू ती खबर मज्जारज्जूच्या मागच्या भागात पोचवत राहतात, तिथून ती मेंदूच्या तळाशी जाते आणि उलट हुकूम पुन्हा मज्जारज्जूतूनच उतरून हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना मिळतो. 1938 मध्ये याच दोघांना मज्जारज्जूला इजा झालेला एक रुग्ण सापडला: एका बाजूच्या स्नायूंनी काम केलं की दाब चढे, दुसऱ्या बाजूच्या स्नायूंनी केलं तर नाही!

मेंदूनं ‘मूठ आवळ’ म्हटलं म्हणून बीपी चढतं, हेही खरंच आहे. पण 1971 मध्ये इथेच, बर्मिंगहॅममध्ये, कूट आणि हिल्टन यांनी भूल दिलेल्या मांजरांच्या मज्जारज्जूतून निघणाऱ्या नसांना विजेनं चेतवून पायाचे स्नायू आवळले. इच्छेचा प्रश्नच नव्हता, तरी दाब चढला. खबर आत नेणाऱ्या नसा कापल्या, चढणं थांबलं. मला तरी यापुढे वेगळा पुरावा नको.

मानेत मज्जारज्जू पूर्ण तुटलेल्यांचा परतीचा हुकूमच अडतो. म्हणून कितीही घाम गाळायचा म्हटलं तरी त्यांची नाडी सहसा 110 ते 130 च्या पुढे जात नाही.

उच्च रक्तदाब असलेल्यांमध्ये ही चढण जास्त असते. बाबांना बीपी आहे आणि लिफ्ट बंद असली की ते पाण्याच्या दोन बादल्या घेऊन तीन जिने चढतात. फोनवर हे सगळं समजावून सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘बरं, मग बादल्या तू येऊन चढवतेस का?’’