क्लबची प्रगती-नोंद: येणाऱ्याच्या फौजा तयार झाल्या

गेल्या नोंदीच्या वेळी पोरसचे हत्ती नुसते प्रायमरवर (रंगाआधीच्या पहिल्या हातावर) होते. आता दोन्ही फौजा पूर्ण झाल्यात. एकीकडे पोरस, दुसरीकडे अलेक्झांडर, इ.स.पू. ३२६ ची झेलमकाठची लढाई. १५ मिलिमीटरच्या मिनी (रंगवायचे छोटे सैनिक), दर बाजूला १२ बेस (मिनी चिकटवलेल्या पट्ट्या, हलवायच्या त्या याच), नियम डीबीए या टेबलावरच्या लढाईच्या छोट्या खेळाचे. सगळं मिळून एका पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात बसतं. या फौजा कोणा एकाच्या नाहीत. क्लबमध्ये जो पहिल्यांदा येईल त्याच्या त्या.

पुण्यातल्या आमच्या रविवारच्या क्लबात बहुतेक टेबलांवर वॉरहॅमर ४०के हा भविष्यातल्या लढायांचा मोठा गेम चालतो. दोन हजार पॉइंट्सचा (पॉइंट्स म्हणजे फौजेच्या आकाराचं माप) गेम म्हणजे अख्खी दुपार. नवा माणूस येतो, खुर्चीमागे उभा राहतो, रंगवलेल्या मिनींचे फोटो काढतो, ‘भारी आहे’ म्हणतो आणि चहा घेऊन निघून जातो. आमच्यापैकी कोणीही त्याच्याशी तुटक वागलेलं नसतं. पण ज्याचा त्याचा गेम रंगलेला असतो आणि त्याच्या हाताला काहीच काम नसतं. माणसं तुटतात ती इथे, असं माझं ठाम मत झालंय. पहिल्यांदा किती जण आले याला मी फारशी किंमत देत नाही. त्यातले परत किती आले, ते बघावं.

त्यात खर्चाची भीती. बाहेरून मागवलेल्या मिनींची किंमत ऐकली की कॉलेजातली मुलं गप्प होतात. म्हणून हातात लगेच देता येईल, तासाभरात संपेल आणि विकत काही घ्यावं लागणार नाही असा गेम हवा होता. डीबीए १९९० पासून आहे आणि नेमका तसा आहे. साठ सेंटिमीटरचं चौकोनी मैदान पुरतं. दर पाळीला एक फासा टाकायचा, जितके पडतील तितक्या चाली. लढाईत दोघांनी फासा टाकून त्यात आपल्या बेसचा लढाईचा आकडा मिळवायचा. कमी पडला तो मागे हटतो, समोरच्याच्या निम्मा किंवा त्याहून कमी भरला की सहसा बाद. चार बेस आधी गमावले तो साधारणपणे हरला.

रंगकामाबद्दल थोडं, कारण या फौजा नवख्या हातांत जाणार हे धरूनच केल्यात. मॅसिडोनियन भालाईतांचे लांब भाले धातूचे असतात, ते दोन गेममध्ये वाकतात आणि बोटांना टोचतात. ते सगळे कापून त्या जागी प्लॅस्टिकच्या झाडूचे केस बसवले. दाबले तर वाकतात, सोडले की सरळ. बेसच्या खाली मॅग्नेटची शीट चिकटवली, त्यामुळे डबा आडवा झाला तरी फौज जागच्या जागी. मागच्या कडेला मराठीत नाव आणि लढाईचे आकडे लिहिलेत, म्हणजे तक्ता शोधत बसायला नको. पावसाळ्यात स्प्रे वार्निश मारलं की दमट हवेनं पांढरट झाक येते, म्हणून प्रायमर आणि वार्निश दोन्ही ब्रशनेच. वेळ जास्त लागला, पण हत्तींची काळी कातडी स्वच्छ राहिली. रंग मुद्दाम भडक ठेवलेत. हातभर अंतरावरून धनुर्धारी कोण आणि भालाईत कोण हे कळलं पाहिजे.

आता पहिला खरा गेम. एक नववीतली मुलगी बाबांबरोबर आली होती. तिने हत्ती पाहून पोरस घेतला, बाबांनी अलेक्झांडर. पहिलाच फासा एक पडला.

“एकच हलवता येणार?”

“एक बेस. नाहीतर एकमेकांना चिकटून उभी असलेली एक रांग,” आमच्या यजमान दादाने सांगितलं, आणि तो गप्प बसला.

तिने बराच वेळ मैदानाकडे पाहिलं आणि हत्तींसकट मधली सगळी रांग त्या एका चालीत पुढे नेली. कोणीही सुचवलं नव्हतं. पुढे अलेक्झांडरच्या हलक्या फेकभालेवाल्यांनी तिचा एक हत्ती पाडला. त्यांच्याकडून हरलेला हत्ती मागे हटत नाही, थेट बाद होतो, हे तिला तेव्हा कळलं. गेम ती हरली आणि लगेच म्हणाली, “बाबा, आता तुम्ही हत्ती घ्या.” दुसरा गेम आम्हाला सांगावाच लागला नाही.

त्या गप्प बसण्यावर आम्ही बराच खल केलाय. दर रविवारी एक जण यजमान. त्याने त्या दिवशी स्वतःचा गेम लावायचा नाही, ही पाळी ठरलेली. नियम त्याने सांगायचा, चाल सुचवायची नाही. विचारलं तर शक्यता सांगायच्या, निवड खेळणाऱ्याची. आणि नियम खेळणाऱ्यालाच सांगायचे: ताई खेळायला बसली असेल तर तिच्याकडे बघून, शेजारी उभ्या नवऱ्याकडे किंवा भावाकडे बघून नव्हे. ही सवय अजून पूर्ण मोडलेली नाही आणि दिसेल तिथे टोकायचं असं ठरलंय. नियमावर वाद झाला तर फासा टाकून तेवढ्यापुरता निकाल लावायचा, पुस्तक गेमनंतर उघडायचं. न रंगवलेल्या मिनी टेबलावर चालतील, त्यावर शेरा मारायचा नाही.

टेरेनच्या (टेबलावरचे डोंगर, गवत वगैरे) बाबतीत मात्र आम्हीच शिकलो. एक नवीन काका दरवर्षी सोसायटीतल्या मुलांसोबत दिवाळीचा किल्ला करतात. माती, गोणपाट, वर अळीव पेरून उगवलेलं हिरवं गवत, वर्षानुवर्षांचा हात. त्यांनी आमचे थर्माकोलचे डोंगर पाहिले आणि दुसऱ्याच रविवारी सुताराकडचा भुसा रंगवून घेऊन आले. तो फेविकॉलवर भुरभुरला तर विकतच्या गवतापेक्षा छान दिसतो. काकांनी अजून स्वतःची फौज केलेली नाही, पण टेरेनचं कपाट आता त्यांच्याकडे आहे. प्रत्येकाने खेळलंच पाहिजे असा हट्ट कशाला?

पुढचं काम ठरलंय. मुलांना मावळे हवेत, आणि डीबीएच्या फौजा इ.स. १५०० च्या आसपास थांबतात. म्हणून १६७२ च्या साल्हेरच्या लढाईसाठी दोघं जण तितकेच छोटे नियम जुळवतायत. साल्हेरची लढाई उघड्या मैदानात झाली, त्यामुळे टेबलावर मांडायला सोयीची. मुघल घोडदळाच्या पहिल्या दोन बेसवर प्रायमर लागलाय. नियमांचा कच्चा खर्डा तयार झाला की तो आधी नववीतल्या त्या मुलीला खेळायला देणार आहोत.