हातचा कुठेच नाही

रविवार, रात्र

भाच्याने सकाळी माझ्या लॅपटॉपवर स्प्रेडशीट उघडली, नऊ वेळा १ लिहिला आणि त्या संख्येचा वर्ग काढला. ११ चा १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१ हे त्याने आधीच करून ठेवलं होतं, त्यामुळे काय यायला हवं ते त्याला ठाऊक होतं. आलं मात्र १२३४५६७८९८७६५४३००. "मावशी, शेवटचे २१ कुठे गेले?"

स्प्रेडशीट पहिले पंधराच अंक दाखवते, पुढे शून्यं भरते. हिशेबाच्या कामामुळे मला हे माहीत आहे. बिलांच्या रकमा कधी तिथवर जात नाहीत. पण त्याचा चेहरा उतरला होता, आणि मलाही ती संख्या अशी अर्धवट बघवेना. चौकटींची वही घेऊन आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो.

नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ वेळा १, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. बेरीज करताना उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एक, दुसऱ्यात दोन, असं वाढत मधल्या रकान्यात नऊ, मग उतरत पुन्हा एक. हातचा कुठेच येत नाही, म्हणून अंकांची ही चढउतार मोडत नाही. कारण एवढंच, पण ते रकान्यांत उभं दिसलं तेव्हा अंगावर काटा आला. भाच्याने लगेच दहा वेळा १ घेऊन पाहिला. मधल्या रकान्यात दहा, म्हणजे शून्य मांडून हातचा एक. तो शेजारच्या नवात मिळवला की पुन्हा दहा. त्यापुढच्या आठाचे नऊ. १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ नाहीसाच झाला!

संध्याकाळी फर्ग्युसन रस्त्याने चालताना त्याला गणिती द. रा. कापरेकरांबद्दल सांगितलं. ते याच फर्ग्युसन कॉलेजातून १९२९ साली पदवीधर झाले आणि पुढे देवळालीच्या शाळेत शिकवत राहिले. अशा संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव त्यांनीच दिलं, एका रेल्वे स्टेशनावरून, म्हणजे आपल्या डोंबिवलीवरून. लोक त्यांना ६१७४ मुळे ओळखतात: सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, तिच्या अंकांच्या उतरत्या मांडणीतून चढती वजा करत राहा, शेवटी हीच येते. मला त्यांच्या ‘हर्षद’ संख्या जास्त आवडतात: स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो ती हर्षद. त्याने चालता चालता सकाळच्या वर्गातल्या अंकांची बेरीज केली, ८१ आली. १११११११११ ला ९ ने भाग जातो, १२३४५६७९ येतात. म्हणजे वर्गाला ८१ ने जाणारच. फाटकापाशी तो थांबूनच राहिला.

घरी आल्यावर संख्या मोठ्याने वाचली. कोटीच्या पुढची नावं भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त आहेत, ती मी कागदावर उतरवून दिली. एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, आणि शिखरावरचा नऊ अर्बुदाच्या घरात. दोनदा वाचून घेतली त्याने.

जेवणानंतर १२३४५६७९ चे अवयव पाडायला बसला. ३७ ने भाग गेला, ३३३६६७ उरले. ही मूळ संख्या आहे हे मी त्याला सांगितलं, पण भागून पाहिल्याशिवाय त्याला पटत नाही. ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासाव्या लागतील. दहा वाजेपर्यंत आम्ही १०१ वर पोचलो. वही टेबलावर उघडीच आहे, पेन्सिल १०३ वर.